खाजणातल्या भाताची मुडी

मथुरा विहिरीवरून हंडा घेऊन आली, तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजवून कुणीतरी नुकतंच परतलं होतं. चुलीवर चहा उतू जायच्या बेतात होता. सासूबाई, सुंदराबाई, हात पुसत आत आल्या. खाडीकाठचा लवू बियाणं मागायला आला होता, त्याचं घुशींनी फस्त केलं म्हणे. दिलं, म्हणाल्या. बियाणं मागणाऱ्याला मोकळ्या हातानं धाडायचं नाही, ही त्या घरची रीत.

एस.टी. गाठायची म्हणून मथुरा पडवीत कागद घ्यायला गेली, तर वाशाला टांगलेली, पेंढ्यात आवळून बांधलेली भाताची मुडी गायब; नुसता सुंभ लोंबत होता.

ती मुडी म्हणजे मथुराची पीएच.डी. खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या भातांवर तिचं काम चाललं होतं. हे तांबडं भात तिला केळशीच्या एका म्हातारीनं दिलेलं. पुढं बांध फुटून म्हातारीचं खाजण, खाडीलगतचं खारं शेत, समुद्रात गेलं, आणि ते बी दुसरीकडे मिळेना. बाटलीत त्याला पोरकिडे लागले, तेव्हा मथुरानंच सासूबाईंकडून पेंढ्याची मुडी बांधून घेतली होती. आणि मुडीत बांधलेलं भात सुंदराबाईंच्या लेखी पेरायचंच.

"लवूच्या शेतात खारं पाणी चढतं, म्हणून तीच दिली," त्या म्हणाल्या. मथुराचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "चुकलं काय गो?"

मथुरानं कागद पिशवीत कोंबले. चहा तसाच ठेवून निघाली.

रत्नागिरीच्या कॉलेजात संशोधन करणाऱ्यांना मिळून एकच टेबल होतं. दादू मिरकरवाड्याच्या कोळंब्या मोजायचा, गोदा मुंबईला कामाला गेलेल्यांच्या, गावी मागं राहिलेल्या बायकांवर लिहायची. दादू म्हणाला, माझ्या कोळंब्यांना फॉर्मलिनचा वास, त्या कुणी उसन्या मागत नाही. गोदानं शहाणपणाचा सल्ला दिला: ते एक भात गाळ, मुंबईतल्या गाइडना काय कळतंय. मथुरा म्हणाली, बाकीची भातं कुणालाही मिळतील. हे गाळलं तर मी केलं काय?

प्रॅक्टिकल आटोपून दुपारच्या गाडीनं ती परतली, ती थेट खाडीकाठी. लवूनं रोपांसाठी दाढ पेरून वर माती ओढलीसुद्धा होती. सगळं ऐकून तो ओशाळला.

"वयनी, चाळणीनं माती चाळून दाणे काढू काय?"

"नको लवूभावजी, रुजू दे."

"मग कापणीला दोन मुड्या आणून टाकतो. तुमची एक, व्याजाची एक."

मथुरानं पेरलेल्या वाफ्याकडे पाहिलं. शेजारी त्याच्या नेहमीच्या भाताची दाढ होती. लावणीच्या घाईत दोन्ही तरवे, म्हणजे दोन्ही भातांची रोपं, एका शेतात मिसळली, की दोन मुड्या येऊनही उपयोग नव्हता. चिखलात उतरावं लागलं तरी चालेल, लावणीला आपण स्वतः यायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

"दोन नकोत," ती म्हणाली. "फक्त हा तरवा वेगळ्या छोट्या कुणग्यात लावा, दुसऱ्या भातात मिसळू नका. आणि लावणीच्या आदल्या दिवशी मला निरोप द्या."