देवळामागच्या खोलीतली भांडी

जव्हारला आम्हा तांबटांची अकरा घरं होती. दरबारच्या मुदपाकखान्याला भांडी हवीत म्हणून घाटावरून बैलगाड्यांनी बोलावून आणलेली. माझे सासरे तेव्हा मांडीवर होते. मी लग्न होऊन आले तोवर आमची पोरं शेजारच्या जामसर गावच्या पोरांसारखीच बोलू लागली होती, आणि मूळ गावची गोष्ट निघाली की उठून जायची.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, ते फार लागायचं. त्या बालविधवा, आमच्यातच राहायच्या. एक दिवस त्या घरोघरी गेल्या आणि म्हणाल्या, "गाडीतून आलेली एक तरी वस्तू द्या. विकायला नाही, वापरायला नाही. पोरांनी बघावी म्हणून."

लोक हसले, पण त्यांनी दिल्या. भांडं ठोकून मठारायची हातोडी, आमचं चेपलेलं घंगाळ, बाळाची वाटी, कुंकवाचा करंडा. देवळामागची रिकामी खोली गुरवाने उघडून दिली. माझे वडील मास्तर, मला लिहिता येत होतं. आत्याबाई सांगायच्या, मी प्रत्येक वस्तूची चिठ्ठी करायची. दसऱ्याला पोरं जमायची. कुणी हौसेनं घंगाळ चिंचेनं घासलं, तर आत्याबाई रागवायच्या, "अरे, वाटेतल्या चुलींचा धूर गेला ना त्याचा!"

मोठ्या लढाईच्या अखेरीस तापाची साथ आली. आमच्या आळीतली चार घरं पार बसली, दारं उघडायलाही कोणी उरलं नाही. माझे यजमान तिसऱ्या दिवशी गेले. मुलगा सहा वर्षांचा होता, तो वाचला.

उरलेल्यांनी घाटावर परतायचं ठरवलं; आत्याबाई आणि मी तेवढ्या मुलाला घेऊन राहिलो. निघताना एकेक जण खोलीत आपली वस्तू परत न्यायला आला. शेजारीण दारातच उभी राहिली.

"आत्याबाई, रागावू नका. ह्यांच्या हातची तेवढी हातोडीच आहे आता."

"रागावू कशाला? तुझीच आहे ती." त्यांनी हातोडी पदरानं पुसून दिली.

शेवटी फळीवर राहिलं ते त्या चार घरांचं. आणि आमचं घंगाळ. मी चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. बाळाच्या वाटीच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात होतं, 'आजोबांनी आणली, आता नातू हिच्यातून दूध पितो.' मला पुढे वाचवेना.

"पुढचं लिही," आत्याबाई म्हणाल्या. "नातू गेला, तेही लिही. नाहीतर वाटेल, त्यांनी टाकून दिली."

मी लिहिलं. चारही घरांचं लिहिलं. घंगाळाच्या चिठ्ठीवर यजमानांचं लिहायचं होतं; ती मात्र हातात धरून बसले. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेऊन तशीच घंगाळात ठेवली. "राहू दे," म्हणाल्या.

दुसऱ्या पावसाळ्यात त्याही गेल्या. मी गुरवाकडे किल्ली दिली आणि मुलाला घेऊन माहेरी आले. घंगाळ बरोबर घेतलं नाही. ते एकटं नेलं तर बाकीच्यांकडे बघणारं कोण, असं वाटलं.

बऱ्याच वर्षांनी खोडाळ्याच्या बाजारात तो गुरव भेटला. खोलीत आता देवळाचं भात ठेवतात, भांडी उत्सवाच्या स्वयंपाकाला घेतली, असं त्यानं सांगितलं. चांगली टिकली आहेत म्हणाला.

"आणि चिठ्ठ्या?" मी विचारलं.

"कसल्या चिठ्ठ्या, बाई?"

मुलगा शेजारीच उभा होता. तो कचेरीत कारकून झाला होता. वाटेत त्यानं विचारलं, "आई, कसल्या चिठ्ठ्या?" मी सांगायला लागले. वाटेतल्या पोशेऱ्याच्या चढापर्यंत तो ऐकत होता. मग त्याला कुणी ओळखीचं भेटलं.