काठोकाठ फुलपात्र

लालबागच्या नाक्यावरचे व्हिक्टोरियावाले रविवारी सकाळी आपसांत शर्यत लावत. मागच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं आणि फेरी मारून यायचं. ज्याचं पाणी सांडणार नाही, तो जिंकला.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांतला असाच एक रविवार. ट्राम बंद होत्या, रस्त्यांवर आदल्या दिवशीचे दगड. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. परळच्या इस्पितळातून तिला घरी न्यायचं होतं. पण डोक्याला हिसका बसला तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी धावत नाक्यावर गेलो. घोड्याला झेंडूची माळ घातलेला एक काटकुळा गाडीवाला शर्यतीला निघतच होता. माझं ऐकून त्यानं गाडी परळकडे वळवली.

"अरे, तुझी पाळी आहे!" बाकीचे ओरडले.

"तीच खेळायला चाललोय," तो म्हणाला.

इस्पितळाच्या दारात त्यानं ते भरलेलं फुलपात्र आईच्या हातांत दिलं. चाबूक सीटखाली सारला आणि लगाम धरून घोड्यापुढं चालू लागला. पायानं दगड बाजूला करायचा, घोड्याशी हळू बोलायचा. थेट गिरगावपर्यंत.

आमच्या दाराशी त्यानं विचारलं, "आई, बोटं भिजली?"

"नाही रे बाबा."

"मग जिंकलो," म्हणत फुलपात्र घेऊन तो गेलासुद्धा.

पट्टी सुटली, आईला लख्ख दिसू लागलं. तिनं पहिलं विचारलं, "दिसतो कसा रे तो?"

"मला तर त्याची घामानं भिजलेली पाठच आठवते गं."

आईनं त्या पाठीलाच हात जोडले.