कव्हरं गेली, तबकड्या राहिल्या

पहिली अकरा कव्हरं मी घेतली तेव्हा माझ्याकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नव्हतं. ते यायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर ती कव्हरं, आतल्या तबकड्यांसकट, लालबागच्या खोलीत माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत असायची. रविवारी सोबतचे लोक बाहेर गेले की मी ती काढायचो आणि चटईवर मांडून बघत बसायचो. तबकडीत काय भरलंय याची तेव्हा फारशी उत्सुकताही नव्हती. मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. मला अक्षरं हवी होती.

वरंधजवळच्या आमच्या गावातून मामाने मला मुंबईला नेलं आणि एका पेंटरच्या हाताखाली लावलं. काम शिकलो, हात बसला. एकदा जुन्या बाजारातून रंगाचे डबे घेऊन येताना फुटपाथवर एक कव्हर दिसलं. नारिंगी रंगावर एक काळा माणूस कर्णा वाजवत होता. चेहरा असा काढलेलाच नव्हता, ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत नुसते फुगलेले गाल दाखवले होते. आणि वर अक्षरं, पुरीसारखी टम्म फुगलेली, एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेली. आमच्याकडे अक्षर म्हणजे आधी खडूचा दोरा मारायचा, मग पट्टीने आखायचं. असं लोळणारं अक्षर मी पाहिलं नव्हतं.

विकणारा म्हणाला, "बजाने का है, के दीवार पे लगाने का?"

"देखने का," मी म्हणालो.

तो हसला. पण त्या दिवसापासून असलं काही आलं की माझ्यासाठी बाजूला ठेवू लागला. हे जाझ, हे फंक, असं तोच मला सांगायचा. "जाझ बैठ के सुनने का. फंक में पैर अपने आप हिलेगा." मी मान डोलवायचो आणि अक्षरं बघायचो.

लग्न झाल्यावर मुंबई सोडली आणि महाडच्या बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेतला. पुढे दुकान, मागे राहायची खोली, वर पोटमाळा. कव्हरं पोटमाळ्यावर गेली, पण रविवारी चटईवर मांडणं सुटलं नाही. महाडात मला सगळे पेंटर म्हणूनच ओळखायचे. त्या कव्हरांवरची अक्षरं मी देवनागरीत उतरवली. एका सलूनच्या पाटीवर ती फुगलेली अक्षरं कितीतरी वर्षं होती. एका मिठाईवाल्याला जाझच्या कव्हरावरची बारीक, तिरकी, धावल्यासारखी अक्षरं काढून दिली. लोक म्हणायचे, पेंटरचा हात वेगळा आहे. ती अक्षरं कुठून आली हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि सांगावं असं माणूस मला भेटलं नाही.

यंत्र मिळालं ते एका कारखान्यातल्या साहेबाकडून. त्यांची बदली झाली तेव्हा क्वार्टरवरच्या सामानाच्या पेट्यांवर नावं घालायला मी गेलो होतो. कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर होता. "चालू आहे, पण आता कोण ऐकतंय? घेऊन जा," असं ते म्हणाले.

घरी आणून पहिली लावली ती नारिंगीच. आधी खरखर, मग खालून जाडजूड ठोका आला. मला एकदम आमच्या गावच्या पालखीतला खालूबाजा आठवला. त्यातला ढोल पोटात वाजतो तसंच वाजत होतं. मग कर्णा आला, आणि तो थेट माझ्याशी बोलतोय असं वाटलं. माझे डोळे भरून आले. बायको ओट्याशी भाकऱ्या थापत होती. तिने मागे वळून पाहिलं.

"अवो, ह्यात गानारा कुठं हाय?"

"नाहीये. नुसतं वाजवतात."

"मंग बंद करा. डोकं उठलं माजं."

तेव्हापासून ती घरात असताना मी लावायचं टाळू लागलो. ती शेजारी गेली किंवा माहेरी गेली की लावायचो. भांडण कधी झालं नाही. ती दर शनिवारी पोटमाळा झाडायची, कव्हरांवरची धूळ पुसायची, मी कधी रंग लागलेल्या हाताने एखादं उचललं तर ओरडायची. ती हे घर आवरण्याचाच भाग म्हणून करते, असं मी धरून चाललो होतो.

पुढे फ्लेक्स आले. जी पाटी मला चार दिवस लागायची ती छापून अर्ध्या तासात मिळायला लागली. माझं काम आटत गेलं. मुलगा मुंबईला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, नातू झाला. सूनही नोकरी करणारी. बायको सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे गेली. ते सहा महिने अजून संपलेले नाहीत. मी एक-दोनदा जाऊन राहून आलो. दीड खोलीत पाच माणसं, त्यात मी दिवसभर खिडकीशी बसून. परत आलो. एकट्याचा स्वयंपाक शिकलो. आता मला कुणी बंद करा म्हणणार नव्हतं. दिवसभर रेकॉर्ड लावायचो, आणि अधूनमधून उगाच ओट्याकडे बघायचो.

मग तो पूर आला. महाडला पाणी नवीन नाही. पाणी चढणार म्हटलं की सामान पोटमाळ्यावर टाकायचं आणि आपण कुणाच्या तरी गच्चीवर जायचं, ही पद्धत. या वेळी मी तेच केलं, फक्त रेकॉर्ड प्लेअर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सोबत घेतला. समोरच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवरून मला माझ्या गाळ्याची पाटी दिसत होती. ती बुडाली. मग वरचे पत्रे दिसेनासे झाले. तेव्हा कळलं की पोटमाळाही गेला.

पाणी उतरल्यावर आत शिरलो. गुडघाभर चिखल. पोटमाळ्यावर कव्हरांचा एक गठ्ठाच झाला होता. एक उचलायला गेलो तर त्याचा नारिंगी रंग बोटांना लागून आला आणि पुठ्ठा भिजलेल्या पावासारखा हातात तुटला. मी खाली उतरून पायरीवर बसलो.

शेजारच्या दुकानात कामाला असणारा माणूस रस्त्यात नुसताच उभा होता. मी त्याला विचारलं, दुकानात काय काय वाचलं? तो म्हणाला, "पेंटर, तळीयं गेलं." मला आधी समजलं नाही. "डोंगर आला गावावर. माजी भैन दिलेली हाय तितं. फोन लागत नाय." एवढं बोलून तो चालू लागला. गाडी मिळेल तिथपर्यंत चालत जाणार होता.

त्यानंतर मी माझ्या कव्हरांबद्दल कुणाशी काय बोलणार? दोन दिवसांनी बाहेरगावची पोरं मदतीला आली, फावडी घेऊन, गमबूट घालून. भली पोरं. चिखल उपसता उपसता त्यांतला एक पोटमाळ्यावर चढला आणि वरून ओरडला, "काका, इथे पुठ्ठ्यांचा लगदा झालाय. फेकायचं ना?"

"हो, फेका," मी म्हणालो.

"आत काळ्या डिशा आहेत."

"त्या राहू देत."

त्याने घमेल्यात भरून लगदा खाली दिला. दुसऱ्याने तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकला. वर गाद्या पडल्या, कुणाच्या तरी दुकानातल्या वह्या पडल्या. ट्रॉली गेली. मी झाडू घेऊन दुकानाची पायरी धुवायला लागलो.

तबकड्यांना मात्र काही झालं नव्हतं. बादलीत साबणाचं पाणी करून मी एकेक धुतली आणि भिंतीवरच्या स्टीलच्या स्टँडमध्ये, जिथे ताटं लावतात तिथे, उभ्या लावून वाळवल्या. मधल्या गोल कागदांवरची नावं बहुतेकांची गेली होती. सगळ्या सारख्याच काळ्या. लावल्याशिवाय कुठली कोणती ते मला ओळखता येईना.

गाळा सोडला आणि सगळं घेऊन गावी आलो. भावाने आधीच दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या, तो पलीकडच्या घरात राहतो. वाडीत निम्म्या घरांना कुलपं. माणसं मुंबईला. पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा शेजारचे एक म्हातारे अंगणात येऊन पायरीवर बसले. पूर्ण एक बाजू त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवून ऐकली. मला बरं वाटलं. संपल्यावर म्हणाले, "गानं कवा चालू व्हनार रे?"

"हेच गाणं, बाबा. झालं ते."

"झालं?" त्यांनी यंत्राकडे पाहिलं. "मी म्हनलं आता गाईल, मंग गाईल." मग काठी टेकत उठले. परत काही आले नाहीत. दिसले की विचारतात मात्र, "काय, गायला काय कोन?"

कव्हरं गेल्याचं मुलाला एकदा फोनवर बोलून गेलो. तो म्हणाला, "बाबा, एवढं काय त्यात? नेटवर सगळी कव्हरं मिळतात. मी डाऊनलोड करतो, इथे एकाकडे मस्त प्रिंट निघते. सेम टू सेम." त्याने मनापासून म्हटलं होतं. मी "बघू" म्हणालो आणि विषय बदलला. ज्या छपाईने माझं काम नेलं तिच्याकडूनच कव्हरं करून घ्यायची, हे काही मला झेपणारं नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं.

त्याच आठवड्यात भावाकडे नवा फ्रिज आला. त्याचं खोकं अंगणात पडलं होतं. चांगला कोरा पुठ्ठा. मी तबकडी वर ठेवून माप घेतलं, चौकोन कापले, रंग काढले. रेकॉर्ड लावायची, ऐकून ओळखायची, आणि तिचं कव्हर आठवून रंगवायचं. अक्षरं भराभर आली. हाताला पाठ होती. चित्रांशी मात्र अडायचो. माणूस उजवीकडे होता की डावीकडे? मागे भिंत होती की पडदा? आठवत नसेल तिथे मी अंदाजाने भरत गेलो. दिवसाकाठी तेवढाच वेळ बरा जायचा. एक झालं की भिंतीला टेकवून ठेवायचो आणि लांबून बघायचो. बरोबर झालंय की नाही हे सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे सगळीच बरोबर वाटायची.

गौरीगणपतीला बायको आली. एकटीच. मुलाला रजा नव्हती. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोली झाडत होती. भिंतीशी आली आणि झाडू हातात धरून थांबली. समोर हिरवा झगा घातलेली एक बाई होती. जमिनीवर बसलेली, पाठीमागे माणसाएवढं तंतुवाद्य. ते एका फंकच्या तबकडीचं कव्हर.

"ही अशी नव्हती," बायको म्हणाली.

"कशी नव्हती?"

"तिची एक चप्पल सुटली व्हती पायातली. बाजूला पडलेली. आनि ती आपल्याकडं नाय बघायची, दाराकडं बघायची. कोनतरी यायचं व्हतं तिचं."

मी कव्हराकडे बघितलं. मी तिला सरळ समोर बघणारी काढली होती, पायात दोन्ही चपला. आणि बायको बोलली त्याच क्षणी मला ती पडलेली चप्पल दिसली. होती. नक्की होती.

"तुला कसं ठाऊक?"

"पंचवीस-तीस वरसं पुसलंय मी तिला." ती खाली बसली आणि दुसरं कव्हर हातात घेतलं. "ह्या म्हाताऱ्याच्या बाहीवर राख पडलेली. विडीची. आनि हितं गाडीच्या खिडकीत कुत्रा व्हता, तो नाय काढलात."

"तू ही बघायचीस?"

"दुपारी तुमी कामाला गेलात की काढायचे दोन-तीन. खाटेवर मांडायचे." ती हसली, जरा ओशाळून. "तुमचं ते वाजवनं नाय कळलं मला कदी. पन ही मानसं वळखीची झाली व्हती."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी इचारलंत कदी? तुमी तर अक्षरंच बघायचात."

ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून जास्तच लागलं. मी रविवारी चटईवर मांडायचो, ती दुपारी खाटेवर मांडायची. एका खोलीत राहून इतकी वर्षं दोघांनी एकेकट्याने.

पुढचे चार दिवस आम्ही तेच केलं. ती सांगायची, मी खोडून नवं काढायचो. एकदा तिनेच म्हटलं, "लावा ती हिरवीची." मी लावली. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली. बाजू संपेपर्यंत बंद करा म्हणाली नाही. मधेच तिचा पाय हलला, पण मी तिकडे बघितलं असं तिला कळू दिलं नाही.

पाचव्या दिवशी तिची गाडी होती. बॅग भरताना मी विचारलं, "राहतेस का आता इथेच?"

ती थोडा वेळ साडीची घडी नीट करत राहिली. "पोराची शाळा हाय. त्याला आनायला कोन जानार?"

"तेही खरंच."

"तुमी या की तिकडं."

"बघू," मी म्हणालो. एसटी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा लक्षात आलं, मुलालाही मी हेच म्हणालो होतो.

आता मी कव्हर झालं की फोटो काढून तिला पाठवतो. कधी लगेच तिचा आवाज येतो, मागे नातू रडत असतो, "तो टोपीवाला जाडा व्हता, असा सुकट नव्हता." कधी दोन-दोन दिवस काहीच येत नाही. मी फोन करून आठवण करून देत नाही. तिला तिकडे कामं असतात.

काही तबकड्या अशा आहेत की त्यांचं कव्हर मलाही आठवत नाही आणि तिलाही नाही. वाजवून बघितल्या, पुन्हा पुन्हा. काही येत नाही डोळ्यांसमोर. त्यांना मी कोऱ्या पुठ्ठ्याच्या पिशव्या केल्यात, वर काही न काढता. अलीकडे दुपारी बहुधा त्याच लावतो. बघायला काही नसतं, म्हणून दाराबाहेर बघतो. समोर भात निसवलेलं असतं, त्याच्या पलीकडे घाटाचा रस्ता. कर्णा वाजत असतो आणि एखादा ट्रक सावकाश चढत असतो. बाजू संपली की सुई खरखरत राहते. मग उठून मी तबकडी उलटी करतो.