बोरिक पावडरीचा वास

आज माहेरी भावाच्या पोरानं कॅरमवर बोरिक पावडर भुरभुरली आणि त्या वासानं माझं डोकंच फिरलं. लग्नाआधी आमच्या गल्लीत, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागूनच, पैजा लावून खेळायचा एक कॅरम क्लब होता. तिथं दुधनी गावचा व्यापारी म्हणवणारा एकजण आठवडाभर उजव्या हातानं खेळून माझ्या भावाकडून हरत राहिला. भाऊ हवेत! त्यानं पैजेवर माझी स्कूटी लावली, मी माझ्या पगारातून घेतलेली. त्या दिवशी त्या माणसानं स्ट्रायकर डाव्या हातात धरला. तो मुळातलाच डावखुरा होता. दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी भावाला ओढत क्लबात नेलं, तर हा व्यापारी माझ्याच स्कूटीवर बसून सोडा पीत होता. मी तोंडाला येईल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कशाला चिडताय? तुमचा भाऊ लई भारी खेळतो की. पाठवत जावा." आणि माझा भाऊ, गाढव कुठला, चक्क लाजून हसला. आज तोच पोराला स्ट्रायकर धरायला शिकवताना सांगत होता, "एक लई मोठा खेळाडू म्हणाला होता, मी भारी खेळतो." पोरासमोर त्याला काय बोलणार? मी पावडरीचा डबाच खिडकीतून भिरकावला.