सुटलेला नुक्ता

एका पुस्तकाच्या चोरीची ती फिर्याद मला आजही आठवते. निजामाची अमदानी होती आणि मी औरंगाबादेत अमीन, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार होतो.

शहागंजाकडची एक वयस्क विधवा ठाण्यावर आली. तिचा नवरा शायर होता, नुकताच वारलेला. तिनं त्याच्या उर्दू गझलांचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, ही माझी किताब नाय. कुणीतरी बदलली."

"कशावरून?"

"यात माझं नाव बरोबर छापलंय."

जवान हसले. त्यांना बाहेर पाठवून मी तिला बसायला सांगितलं. नवऱ्यानं पुस्तक तिला अर्पण केलं होतं. तिची प्रत पहिल्या छपाईची होती. त्या छपाईत मजकूर लिहिणाऱ्या कातिबाच्या हातून एक नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, सुटला आणि तिचं नाव भलतंच झालं. दुसऱ्या छपाईत दुरुस्ती झाली. पण नवरा थट्टेनं तिला त्या चुकलेल्या नावानंच हाक मारू लागला, ते अगदी शेवटपर्यंत.

मी ओळखीची खूण विचारली. पुस्तक नवं असताना तिच्या बोटाची ओली मेंदी त्या नावाखाली लागली होती.

"घरी कोण येतं?"

"चाळिसाव्या दिवसापर्यंत लई माणसं आली. मग फक्त वकीलसाहेब, यांचे दोस्त. किताबी बघायचे."

वकिलाला ठाण्यावर बोलावलं असतं तर त्यानं मलाच कायदा शिकवला असता. म्हणून मी त्याच्या घरी गेलो. भिंतभर पुस्तकं होती. चोरीचं नाव न काढता, पहिली छपाई ओळखायची कशी, एवढंच विचारलं. दरडावल्यावर गप्प बसणारा माणूस शौकाबद्दल विचारलं की थांबत नाही. कागद, शिलाई, अक्षराचं वळण, सगळं त्यानं समजावलं.

"सालावर जाऊ नका, अमीनसाहेब. पहिल्या-दुसऱ्या छपाईवर एकच साल असतं कधी कधी. चूक शोधा."

"एखादी दाखवा की."

त्यानं मोठ्या हौसेनं त्या शायराचंच पुस्तक काढलं आणि अर्पणपत्रिका उघडली. नुक्ता नव्हता. नावाखाली विटकरी ठसा होता.

"हा डाग कसला?"

"जुनाच आहे."

"मेंदीचा आहे. कुणाच्या हाताची, ते तुम्हीच सांगा."

तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "पहिल्या छपाईची प्रत कुठंच मिळत नव्हती. आणि त्यांना तर बरोबर नावाची दिली ना मी!" पंचांसमोर जप्ती केली. पुढं त्यानं अदालतीतही गुन्हा कबूल केला.

हुकूम झाल्यावर पुस्तक द्यायला मी स्वतः गेलो. तिनं ते पान उघडून पुष्कळ वेळ पाहिलं.

"आता वकीलसाहेबही येणार नाय," ती म्हणाली. "दर जुम्म्याला येऊन बसायचे. यांच्या गोष्टी निघायच्या."

मी सलाम करून निघालो.

फिर्यादीला काय गेलं हे आम्ही विचारतो, मालाचं वर्णन लिहून घेतो. त्या मालात माणसाचं काय होतं, ते लिहायला पंचनाम्यात जागा नसते. मला ते खरं कळलं पत्नी गेल्यावर. रस्त्यात 'साहेब' म्हणणारे अजून भेटतात. घरात 'अहो' म्हणणारं कोणी नाही.