एकतिसाव्या पानावरचं हसू

कम्युनिस्ट राजवटीत, मोराव्हियातल्या एका छोट्या नाट्यगृहात ड्राहोमीरा व्हान्योसोव्हा तीस वर्षं प्रॉम्प्टर होती, विसरलेलं वाक्य नटाला कुजबुजून सांगणारी. रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोबण, त्यात स्टूल, दिवा आणि पानापानावर सरकारी शिक्का मारलेली संहिता. नटाला ऐकू जावं, पहिल्या रांगेला जाऊ नये, एवढीच तिची कला. प्रेक्षकांना प्रॉम्प्टर ऐकू आली, तर त्या धंद्यात तोंड दाखवायला जागा नाही. तिला मात्र आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि याचा तिला केवढा ताठा!

त्या वर्षीचं नाटक होतं एका गोष्टी सांगणाऱ्याचं. फौजदार त्याला विचारतो, "तुझ्या गोष्टीतला लांडगा कोण?" गोष्टी सांगणाऱ्याचं काम ओटाकार ब्रेहा करायचा. तो उत्तर द्यायच्या आधी थांबायचा, आणि हळूच पक्षाच्या बड्या लोकांच्या राखीव खुर्च्यांकडे बघायचा. थिएटर खदखदायचं! मग निरागसपणे म्हणायचा, "लांडगा म्हणजे लांडगा, साहेब."

चौथ्या दिवशी सांस्कृतिक खात्याचे कॉम्रेड क्लीमेक आले. मंजूर संहिता उघडून म्हणाले, "बाई, पान एकतीस. इथे विनोद नाही. लोक हसतात कशाला?"

 खरं कारण कळलं, तर ओटाकारची नोकरी जायची, नाटकही बंद. ड्राहोमीरा गप्प बसणारी बाई, पण त्या दिवशी बोलली.

"वाक्य विसरतो तो, कॉम्रेड. मी सांगायचं, तर माझाच डोळा लागतो. लोक त्या फजितीला हसतात."

"रोज? त्याच पानावर?"

"वय झालं हो."

"बरं. उद्या मी तिसऱ्या रांगेत बसतो. बघू तुमची झोप."

दुसऱ्या दिवशी क्लीमेक तिसऱ्या रांगेत. ओटाकारनं ठरवलं होतं, न थांबता बोलायचं. पण फौजदारानं प्रश्न विचारला आणि अख्खं थिएटर आधीच श्वास धरून बसलेलं. बिचारा खरोखरच विसरला! ड्राहोमीरानं कुजबुजून पाहिलं. काही नाही. पुन्हा सांगितलं. तरी नाही. तिसऱ्या वेळी ती ओरडलीच, "अरे मेल्या, लांडगा म्हणजे लांडगा!"

जमिनीतून आलेल्या त्या आवाजावर लोक असे हसले की फौजदाराची टोपी पडली.

आता पंचाईत झाली कॉम्रेडची. प्रयोगाला हजर असलेल्या अधिकाऱ्यानं हसण्याचं कारण अहवालात लिहायचं, असा नियम. लांडग्याला हसले म्हणावं, तर वरचे विचारणार, 'कोण लांडगा?' आणि ते उत्तर यांनाच द्यावं लागणार! त्यांनी बराच वेळ पेन चावलं.

"ओटाकार, गोष्ट कुठे थांबवायची ते बरं कळतं तुला. तुझा बाप होता का रे गोष्टी सांगणारा?" एवढंच ते जाताना म्हणाले.

आठवड्यानं कागद आला. नाटकास हरकत नाही. हसण्याचं कारण, प्रॉम्प्टरची चूक. सौ. व्हान्योसोव्हा यांस सक्त ताकीद.

"बाई, माझ्यापायी तुमची अब्रू गेली," ओटाकार म्हणाला.

ड्राहोमीरानं चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. जाहिरातीवर, कार्यक्रमपत्रिकेवर, कुठेच तीस वर्षांत तिचं नाव छापलं नव्हतं.

"गेली खरी," ती म्हणाली. "पण बघ, नावाचं स्पेलिंग बरोबर आहे."