बाराच्या शोचा शेवट

कासारवाडीच्या आमच्या थिएटरात मी बाराच्या शोला जायचो ते झोपायला. खोलीवर एका कॉटवर आम्ही दोघं. सकाळी रात्रपाळीवाला आला की मी रस्त्यावर. आठवी सोडून बीडहून आलेल्याला गार अंधार दुसरं कोण देणार?

तिथला डोअरकीपर साठीचा, मावळातला. बॅटरी कधी कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, पायांवर मारायचा. पहिल्याच दिवशी मी घाबरत सांगितलं, "काका, अडीचला चाकणची कंपनीची बस आहे. चुकली तर ठेकेदार घरी बसवेल." त्यांनी मला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. सव्वादोनला माझ्या चपलांवर उजेड पडला.

मग रोजच. झोप मोडली की मलाच सिनेमाचा पुळका यायचा. "काका, शेवट तरी बघू द्या की!"

"शेवटी हिरोच जितनार हाय, भावा. बस थांबायची न्हाई."

कंपनीत मी सिनेमे ऐटीत सांगायचो. कुणी शेवट विचारला की मला एकदम मशीनचं काम आठवायचं.

थिएटर पाडायला घेतलं त्या दिवशीही मी बाराला हजर. काका पत्र्याच्या कुंपणापाशी एकटक बघत बसलेले. पडद्यामागची भिंत हलायला लागली आणि माझे डोळे भरले. तेवढ्यात माझ्या पायांवर बॅटरीचा उजेड पडला. भर उन्हात तो जेमतेम दिसत होता.

"सव्वादोन झाले. नीघ."

मी पळत सुटलो. मागे भिंत कोसळल्याचा आवाज आला. बस मिळाली. नोकरी अजून आहे. शेवट मात्र तोही मी बघितलेला नाही.